भूमी मागितली, स्मारक मिळाले : त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीची पार्श्वभूमी

आर्मेनियाची राजधानी येरेव्हान येथे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवरील स्मारकापाशी फुले वाहणे हा आता राजशिष्टाचाराचाच भाग झाला आहे. भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनीही ऑक्टोबर 2021 मध्ये तेथे आदरांजली वाहिली. ऑटोमन साम्राज्यात 1915 पासून मारल्या गेलेल्या आर्मेनियन लोकांचे हे स्मारक आहे. परंतु वान, बिटलिस, एर्झुरुम, खारपुत हे या लोकांचे मुलूख आजच्या आर्मेनियात नसून तुर्कस्तानात आहेत. हे स्मारक येथे का आहे आणि ते उभे राहायला 50 वर्षे का लागली, हे समजून घेतल्याशिवाय टेकडीवर काय पाहिले ते नीट उमगत नाही.

24 एप्रिल 1915 रोजी इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, वकील, धर्मगुरू आणि राजकीय पुढारी यांची धरपकड सुरू झाली. त्यानंतर गावेच्या गावे रिकामी करून माणसांना सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकण्यात आले आणि कत्तल, भूक व रोगराई यांत त्यांतले बहुसंख्य मेले. आर्मेनिया मृतांची संख्या 15 लाख मानतो. तुर्कस्तान सरकारला वंशसंहार हा शब्द आजही मान्य नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्याशी झालेल्या 1920 च्या सेव्हर्स तहाने आर्मेनियाला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता दिली होती आणि त्याची सीमा ठरविण्याचे काम अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्यावर सोपविले होते. त्यांनी आखलेली सीमा कागदावरच राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस आर्मेनियात सोव्हिएत सत्ता आली, 1921 च्या कार्स तहाने तुर्कस्तानशी असलेली सरहद्द पक्की झाली आणि सेव्हर्सची जागा घेणाऱ्या 1923 च्या लोझान तहात आर्मेनियाचे नावही उरले नाही. येरेव्हानमधून स्वच्छ दिवशी समोर दिसणारा अरारात पर्वतही सरहद्दीपलीकडे गेला.

सोव्हिएत राजवटीत या विषयावर जाहीरपणे बोलणे अवघड होते. शोकाआडून राष्ट्रवाद डोके वर काढील ही मॉस्कोची भीती होतीच, शिवाय तुर्कस्तानशी संबंधांचा प्रश्न होता. निर्वासितांनी आठवण जपली ती वस्त्यांच्या नावांत : अरबकीर, मालातिया आणि सेबास्तिया ही हातची गेलेली गावे आज येरेव्हानच्या भागांची नावे म्हणून नांदत आहेत. 1945 मध्ये स्टालिनने तुर्कस्तानातील कार्स आणि अर्दाहानवर दावा सांगितला, पुढे जगभरातून सुमारे 90 हजार आर्मेनियन सोव्हिएत आर्मेनियात आणून वसविले गेले, आणि 1953 मध्ये मॉस्कोने तो दावा सोडून दिला.

स्टालिननंतरच्या सैलावलेल्या वातावरणात आर्मेनियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव याकोव्ह झारोब्यान यांनी पन्नासाव्या स्मृतिवर्षाचा प्रश्न मॉस्कोपुढे मांडला. त्यांचा स्वतःचा जन्म आर्तविनचा, म्हणजे पुढे तुर्कस्तानात गेलेल्या गावचा. मार्च 1965 मध्ये स्मारकाचा ठराव झाला. मॉस्कोची अपेक्षा एवढीच असावी की एक वास्तू आणि एक सभा यांत विषय आटोपेल. तसे झाले नाही. 24 एप्रिलला ऑपेरागृहात निमंत्रितांची सभा चालू असताना बाहेर रस्त्यांवर प्रचंड जमाव लोटला, आणि त्याची घोषणा होती ‘आमच्या जमिनी!’ जमाव पांगविण्यासाठी पाण्याचे फवारे सोडण्यात आले. पुढच्या वर्षी झारोब्यान यांना पद सोडावे लागले. स्मारकाचे काम मात्र थांबले नाही. लोकांनी भूमी मागितली होती. राज्याला देता येण्याजोगी एक टेकडी होती, ती दिली गेली.

आर्थर तारखान्यान आणि साशुर कलाश्यान हे या स्मारकाचे वास्तुविशारद. उद्घाटन 29 नोव्हेंबर 1967 रोजी झाले, म्हणजे आर्मेनियातील सोव्हिएत सत्तेच्या स्थापनादिनी, आणि ही तारीख योगायोगाने निवडली गेली असेल असे वाटत नाही. 44 मीटर उंचीचा दुभंगलेला सुळका आणि शेजारी अखंड ज्योतीवर आत झुकलेल्या 12 शिळा, एवढीच मुख्य रचना आहे. कोठे पुतळा नाही, तलवार नाही. या 12 शिळा म्हणजे हरवलेले 12 प्रांत, असे भेट देणाऱ्यांना सर्रास सांगितले जाते. पण ऑटोमन कारभारात आर्मेनियन वस्तीचे म्हणून 6 प्रांत धरले जात, त्यामुळे हा अर्थ जपूनच घ्यावा. कत्तली झालेल्या गावांची नावे 100 मीटर लांबीच्या भिंतीवर कोरली आहेत, आणि माझ्या मते खरे स्मारक तेच आहे. जमिनीखालचे संग्रहालय 1995 मध्ये, म्हणजे सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर आले. अझरबैजानमधील सुमगाईत शहरात 1988 साली मारल्या गेलेल्या आर्मेनियनांच्या स्मृतीच्या क्रूसशिळाही याच आवारात आहेत.

सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानने ताब्यात घेतलेल्या नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत आर्मेनियात आले. त्यानंतर पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनी ‘वास्तव आर्मेनिया’ची भूमिका अधिक ठासून मांडली : मातृभूमी म्हणजे आज मान्य असलेल्या सरहद्दीतले 29,743 चौरस किलोमीटर, इतिहासातला आर्मेनिया नव्हे. ‘आमच्या जमिनी’ ही घोषणा 1965 मध्ये मॉस्कोला नको होती. आता ती बाजूला ठेवा असे येरेव्हानचेच निर्वाचित सरकार सांगते आहे, आणि त्यावरून देशात तीव्र वाद चालू आहे.