मोठा पक्ष म्हणजे सरकार त्याचंच? तसं घटनेत नाहीये

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, भाजप २४० वर थांबला, बहुमताला हवे २७२, आणि म्हापशाच्या बाजारात मासे घेता घेता दोघं तावातावाने सांगत होते की सगळ्यात मोठ्या पक्षालाच सरकार बनवायचा हक्क, घटनेतच लिहिलंय. अहो, नाही लिहिलेलं! कलम ७५ एवढंच सांगतं की पंतप्रधान राष्ट्रपती नेमतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. १९८९ ला काँग्रेस १९७ जागांसह सगळ्यात मोठी, तरी पंतप्रधान झाले व्ही. पी. सिंग. आणि आपण गोंयकार तरी हे कसं विसरतो? २०१७ ला गोवा विधानसभेत ४० पैकी काँग्रेस १७, भाजप १३, शपथ घेतली भाजपच्या पर्रीकरांनी, आणि मग सभागृहात २२ मतं दाखवली. ते पटो न पटो, पण घटनेच्या नावावर खोटं नका ना खपवू.