आक्रमक पक्षी (बेळगाव सीमाभाग)

माणसाने मूळ प्रदेशाबाहेर नेलेला, तेथे टिकून वाढलेला आणि तेथील जीवसृष्टीला जड जाणारा पक्षी म्हणजे परका आक्रमक पक्षी. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ही संज्ञा पारवा, साळुंकी, कावळा, एवढेच काय मोरालाही सैलपणे लावली जाते. यांपैकी एकही पक्षी भारताबाहेरचा नाही. म्हणून या प्रदेशात बंदोबस्ताचा विचार करण्याआधी पक्ष्याची नेमकी ओळख पटवावी लागते.

जिल्ह्याच्या पश्चिमेस जांबोटी, कणकुंबी आणि भीमगड अभयारण्याची (२०११) पावसाळी जंगले आहेत. पूर्वेस अथणी, रायबागकडे कोरडा माळ सुरू होतो. त्यामुळे धनेश आणि माळटिटवी हे दोन्ही एकाच जिल्ह्याच्या यादीत येतात. गोकाक तालुक्यातील धूपदाळ बंधाऱ्याभोवतीच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात (१९७४) हिवाळ्यात कांड्या करकोचा आणि पांढरा करकोचा उतरतात. दूरदेशीचे असले तरी हे ऋतुमानाने येणारे पाहुणे होत. त्यांना आक्रमक म्हणता येत नाही. ज्वारीवर तुटून पडणारी भोरडी हीसुद्धा अशीच हिवाळी पाहुणी आहे. गोफण घेऊन राखण करणाऱ्याला ती शत्रू वाटते, पण तिच्या आहारात टोळ व नाकतोडे मोठ्या प्रमाणावर असतात.

साळुंकी व तिचे सोयरे यांच्या ओळखीत घोटाळा नेहमीचा. साळुंकीचे अंग तपकिरी, डोळ्यामागे पिवळी उघडी कातडी आणि उडताना पंखात पांढरा डाग दिसतो. जंगली मैना अंगाने राखट असते, चोचीच्या मुळाशी पिसांचा लहान तुरा असतो आणि डोळ्याभोवतीची पिवळी कातडी मुळीच नसते. तिच्या दक्षिणी उपजातीचा डोळा निळसर पांढरा असतो. दख्खनच्या पक्ष्यांची यादी करणारे कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये या उपजातीला ‘महरत्तेन्सिस’ असे नाव दिले. मराठा मुलुखाची ही आठवण शास्त्रीय नावात आजही टिकून आहे. कोरड्या माळावर काळ्या टोपीची भांगपाडी मैना भेटते. साइक्स यांच्यानंतरची एक प्रादेशिक नोंद म्हणजे ई. ए. बटलर यांची १८८१ मधील दख्खन व दक्षिण मराठा मुलुखाची पक्षीयादी. बेळगाव याच मुलुखात मोडत असे.

सर्वाधिक मतभेद पारव्याच्या मूळाविषयी आहेत. शास्त्रीय नाव कोलंबा लिव्हिया. मराठीतला ‘पारवा’ संस्कृत ‘पारावत’ या शब्दावरून आला, तर ‘कबूतर’ फार्सीतून. जुन्या मराठी वापरात कडेकपारीतला रानटी तो पारवा आणि पाळलेले ते कबूतर असा भेद बहुधा होता, आता तो पुसट झाला आहे. कन्नडमधील ‘पारिवाळ’ सहसा दोहोंना चालतो. सीमाभागातल्या दुभाषी गावात कोणत्या पक्ष्याबद्दल बोलणे चालले आहे, हे म्हणूनच नावावरून नेहमी कळत नाही.

एका मताप्रमाणे शहरातले पारवे हे डोंगरकड्यांवरच्या स्थानिक पारव्यांचेच वंशज होत. किल्ल्याची तटबंदी, देवळाचे शिखर, रेल्वे स्थानकाची तुळई या त्यांच्या दृष्टीने कपारीच आहेत. दुसऱ्या मताप्रमाणे ते पाळीव कबुतरांपासून सुटून रानावलेले आहेत. पाळीव जात काही हजार वर्षे जुनी असून पश्चिम आशिया व भूमध्य परिसरात ती प्रथम माणसाळली, असे मानण्याकडे कल आहे. सर्व पाळीव वाण एकाच रानपारव्यापासून निघाले, ही डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडलेली बाजू आज सर्वमान्य आहे. भारतीय उपजात ‘इंटरमीडिया’ हिचा कमरेचा भाग राखाडी, तर पश्चिमेकडील मूळ उपजातीचा पांढरा असतो. तेव्हा एखाद्या थव्यात पांढऱ्या कमरेचे, ठिपकेदार, विटकरी किंवा पांढरे पक्षी मिसळलेले असतील, तर पाळीव रक्ताचा अंदाज बांधता येतो. केवळ कमरेच्या रंगावर निर्णय देणे धाडसाचे ठरेल. दोन्ही वंश शहरात मिसळले, हे मत अधिक ग्राह्य दिसते. गोकाक धबधब्यासारख्या कड्यांवर राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे असलेला पारवा दिसला, तर त्याला उपद्रवी न ठरवता काळजीपूर्वक नोंदवावे.

कायद्याने हा पेच पूर्ण सुटत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२-अ आले. परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणे व फैलाव यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. मात्र व्याख्येत ‘भारतातील मूळची नसलेली’ अशी अट आहे. साळुंकी मुख्य भूमीवर देशी, पण अंदमानात ती एकोणिसाव्या शतकात माणसाने नेली. तेथे ती परकी असूनही या व्याख्येत बसवणे कठीण जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या शंभर उपद्रवी जातींच्या यादीत तीनच पक्षी आहेत. त्यांतील साळुंकी व लालबुड्या बुलबुल आपल्या अंगणातले, तिसरी युरोपातील मैना. हाच बुलबुल खानापूरच्या रानकडेला घाणेरीची फळे खाऊन तिचे बी पसरवतो. म्हणजे येथे पक्षी देशी आणि आक्रमक झुडूप परदेशी.

खरे परदेशी पक्षी पिंजऱ्यातून येतात. बजरीगर, कॉकटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड या तिन्ही जाती संकटग्रस्त वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या (साइट्स) परिशिष्टांबाहेर आहेत. वन्यजीव अधिनियमाखालील २०२४ च्या नियमांनी सक्तीची केलेली नोंदणी परिशिष्टांतील जातींसाठी असल्याने या तिन्ही जाती तिच्यातून सुटतात. देशी पोपट पाळणे मात्र गुन्हा आहे. कंटाळा आला म्हणून पिंजरा उघडून परदेशी पक्षी सोडणे हे पुण्य नव्हे. बहुतेक पक्षी उपाशी मरतात, आणि तगलेच तर त्यांचा भार रानावर पडतो.

पारव्याची मादी एका वेळी दोन अंडी घालते आणि ती सुमारे अठरा दिवस उबवली जातात. नर व मादी दोघेही पिलांना गळ्यातल्या पिशवीतील ‘दूध’ भरवतात, त्यामुळे किड्यांचा हंगाम नसतानाही वीण चालू राहते. वर्षात अनेक विणी होतात. मारून किंवा हाकलून संख्या टिकाऊपणे घटत नाही. रिकामी जागा शेजारचे पारवे भरून काढतात. दाणा बंद करणे, धान्यबाजारातील सांडलेले धान्य झाडून घेणे, गच्ची व खिडक्यांना जाळी लावणे, कठड्यांना उतार देणे हे उपाय खरे. विषारी दाणा कधीही टाकू नये, कारण तो शिक्रा, ससाणा आणि घुबड यांच्याही पोटात जातो. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून माळा साफ करताना ती आधी ओली करावी आणि तोंड बांधावे.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात रानावलेला पारवा व मोर यांची संख्या वाढती, तर कर्नाटकचा राज्यपक्षी चास (नीलपंख) घटता आढळला. चिमणीला घरटे करायला कौलांखालची फट लागते. खानापूरच्या कौलांची छपरे जाऊन सिमेंटचे सपाट छत आले, तिथे पारव्याला कठडा मिळाला आणि चिमणीची फट गेली.