शितावरून भात, पण शीत कुठलं?

ब्रिटनमध्ये 1962 साली नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांची नियमित गणना सुरू झाली ती कीटकनाशकांच्या धास्तीने. शेतातले पक्षी मरतायत अशी ओरड होती, पण आधी किती होते हे सांगणारा आकडाच कुणाकडे नव्हता. मग 'ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी' या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने हौशी निरीक्षकांना कामाला लावलं. एखादं शेत किंवा रान धरायचं, विणीच्या हंगामात तिथे आठ-दहा फेऱ्या मारायच्या आणि कुठला नर कुठे गातो ते नकाशावर टिपायचं. विणीचाच हंगाम अशासाठी, की तेव्हा बरेच पक्षी आपापली हद्द धरून बसतात. एका जागी गाणारा नर म्हणजे बहुधा एक जोडी.

शेतातले चंडोल निम्म्याहून कमी झाले, हे पुढे याच गणनेतून कळलं. पण जागा निवडायचा निरीक्षक स्वतः. निरीक्षक बहुतेक दक्षिण इंग्लंडातले, आणि ज्या रानात पक्षीच नाहीत तिथे पहाटे उठून कोण जाणार? डोंगर आणि शहरी वस्त्या सुटल्या. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत नेहमी वरच्या थरातलंच उचललं तर तळाशी भात करपलाय हे कळायचं कसं?

म्हणून 1994 साली 'ब्रीडिंग बर्ड सर्व्हे' सुरू झाला. देशाच्या नकाशावरचे एक किलोमीटर लांबी-रुंदीचे चौरस घेतले आणि त्यातले कुठले मोजायचे ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. वाट्याला गर्द राई येईल, नाहीतर सिमेंटचा कारखाना. फेऱ्या मात्र दोनच ठेवल्या: पहिली एप्रिल ते मध्य मे, दुसरी जूनअखेरपर्यंत. स्थानिक पक्षी लवकर गाऊ लागतात, आफ्रिकेतून येणारे उशिरा, म्हणून दोन. सकाळी एक-एक किलोमीटरच्या दोन ओळींवर चालायचं आणि दिसलेला-ऐकलेला पक्षी किती अंतरावर होता तेही लिहायचं, कारण लांबचे पक्षी नजरेतून सुटतात.

माझ्या मते खरं शहाणपण पुढेच आहे. नवी योजना आली म्हणून जुनी लगेच मोडीत काढली नाही. 2000 सालापर्यंत दोन्ही शेजारी शेजारी चालवल्या. फूटपट्टी बदलताना काही काळ दोन्हींनी मोजलं, तरच जुने आणि नवे आकडे एका आलेखात बसतात. 2001 मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकूत साथीने शेतशिवारं बंद झाली, तेव्हा त्या वर्षाचे आकडे सरळ आलेखातून वगळले.

आपल्याकडे 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून 942 जातींचा आढावा घेतला गेला. त्या नोंदी बहुतेक लोकांनी स्वतः निवडलेल्या जागांच्या. आवडीच्या जागांकडचा हा झुकाव संख्याशास्त्राने शक्य तितका दूर करावा लागतो. ब्रिटनचं वेळापत्रक मात्र इथे उचलून चालणार नाही. सुगरण पावसाळ्यात घरटी विणते, घारीची पिल्लं हिवाळ्यात वाढतात. दोन फेऱ्यांत हे मावणार नाही. आणि चिठ्ठीत उसाचा फड निघाला, तर पहाटे सहाला तिथेच उभं राहावं लागेल, पलीकडच्या पाणथळीवर करकोचे उतरलेले दिसत असले तरी.