अरिमाचं तांबूस पाणी कुठून येतं?

जपानमधल्या पारंपरिक सरायीला रियोकान म्हणतात. तिथे पाहुणा दारातच पादत्राणं काढतो, तातामीच्या चटयांवर अनवाणी वावरतो आणि खोलीत ठेवलेला सुती युकाता अंगावर चढवतो. त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलट नेसवतात ते फक्त मृताला. मग टॉवेल घेऊन तो कापडी पडदा सारतो आणि ओन्सेनकडे, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहाकडे जातो. आत शिरण्याआधी कपडे उतरवायची एक खोली लागते. तिथल्या भिंतीवर जपानी अक्षरांनी आणि आकड्यांनी खच्चून भरलेला एक कागद टांगलेला असतो, आणि त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

माझ्या मते त्या सबंध इमारतीत वाचावा असा कागद तोच. तो त्या पाण्याचा रासायनिक अहवाल असतो आणि तो लावणं कायद्याने सक्तीचं आहे. उगमापाशी तापमान किती, पीएच किती (आपले शेतकरी त्याला सामू म्हणतात), एका किलो पाण्यात सोडियम, कॅल्शियम, लोह, क्लोराइड, सल्फेट किती मिलिग्रॅम, कोणत्या आजारात या पाण्यात उतरू नये, हे सगळं त्यावर असतं. 2004 साली काही नामांकित ठिकाणी टाक्यांत रंगाची पूड मिसळली जात असल्याचं उघड झालं. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. पाण्यात साधं पाणी मिसळलंय का, ते वेगळं तापवलंय का, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवलंय का, क्लोरीन टाकलंय का, हेही आता लिहावं लागतं.

मुळात कोणत्या पाण्याला ओन्सेन म्हणायचं, हे 1948 च्या कायद्याने ठरवलं आहे. जमिनीतून निघताना ते किमान 25 अंश सेल्सिअस हवं, किंवा त्यात ठरवून दिलेल्या 19 निकषांपैकी एखादा तरी घटक पुरेसा हवा. हा 25 चा आकडा थंड देशाचा आहे. कोकणातल्या साध्या विहिरीचं पाणीसुद्धा त्यात बसेल, कारण उथळ भूजलाचं तापमान साधारण त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं असतं.

आता अरिमाकडे येऊ. कोबे शहराच्या पाठीशी रोक्कोचे डोंगर आहेत आणि त्यांच्या पलीकडे हे छोटं गाव वसलं आहे. सातव्या शतकात सम्राट इथे स्नानाला आल्याची नोंद आहे. 1596 च्या मोठ्या भूकंपात गावाची पडझड झाली, तेव्हा त्या काळचा जपानचा सत्ताधीश टोयोतोमी हिदेयोशी याने झऱ्यांची दुरुस्ती हाती घेतली. इथल्या मुख्य पाण्याला 'किन्सेन' म्हणतात, म्हणजे सोनेरी झरा. प्रत्यक्षात ते विटकरी असतं, आणि इतकं गढूळ की त्यात बसल्यावर आपलेच गुडघे दिसत नाहीत. पांढरा टॉवेल बुडवला तर तांबूस होऊन निघतो.

हेच पाणी जमिनीतून वर येतं तेव्हा नितळ असतं. त्यात विरघळलेल्या लोहाला खोलवर ऑक्सिजन मिळालेला नसतो, आणि तशा रूपात लोह पाण्यात गुपचूप राहतं. हवा लागताच त्याचं ऑक्सिडीकरण होतं, ते न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि गंजाचे बारीक कण पाण्यात तरंगू लागतात. बोअरवेलचं पाणी बादलीत ठेवल्यावर तासाभरात पिवळट झालेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

खरं कोडं पुढेच आहे. किन्सेनचा काही भाग उकळत्या पाण्याच्या जवळपास तापमानाने बाहेर पडतो आणि त्याचा खारटपणा समुद्राच्या जवळजवळ दुप्पट असतो. पण अरिमाच्या आसपास जागृत ज्वालामुखीच नाही. हाकोने किंवा बेप्पू या गरम झऱ्यांच्या गावांत वाफाळणारे डोंगर डोळ्यांसमोर असतात, तिथे उष्णता कुठून आली हे विचारावं लागत नाही. इथे मात्र आग दिसत नाही आणि समुद्रही डोंगराच्या पलीकडे.

उत्तर पाण्याच्या रेणूंमध्येच सापडलं. ऑक्सिजनचे जड आणि हलके असे अणू असतात, आणि पावसाच्या पाण्यात त्यांचं प्रमाण ठरावीक पट्ट्यात राहतं. अरिमाच्या खाऱ्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण पावसापेक्षाच नव्हे, समुद्रापेक्षाही जास्त निघालं. पाऊस मुरून किंवा समुद्र झिरपून असं पाणी तयार होत नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या हेलियम वायूतही पृथ्वीच्या प्रावरणाची, म्हणजे कवचाखालच्या थराची, खूण आहे. जपानच्या दक्षिणेला समुद्रतळाखाली फिलिपाइन समुद्राची भूपट्टी वर्षाला काही सेंटीमीटर या वेगाने जपानखाली सरकते आहे. तिच्यातल्या खनिजांच्या स्फटिकांमध्ये पाणी बांधलेलं असतं. खाली जाताना दाब आणि उष्णता वाढत जाते, खनिजं ते पाणी धरून ठेवू शकत नाहीत आणि ते पिळून निघतं. अरिमाखाली ही पट्टी सुमारे 50 ते 80 किलोमीटर खोल आहे. तिथून सुटलेलं खारं, गरम पाणी मोठ्या भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागेच्या, भेगांतून वर चढतं आणि वाटेत भूजलात मिसळतं, असं आज भूवैज्ञानिक मानतात. अशा पाण्याला जपानमध्ये अरिमा प्रकारचं खारं पाणी असंच नाव पडलं आहे. एका समुद्राखालचा खडक बुडता बुडता सोडतो ते पाणी, आणि त्यात माणूस दिवसभराचा शीण घालवायला मानेपर्यंत बसतो. हे कळल्यापासून मला त्या विटकरी रंगाकडे नुसतं पाणी म्हणून पाहता आलेलं नाही.

इथे आपल्या कोकणातली उन्हाळी आठवतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, आरवली, तुरळ आणि राजापूरपर्यंत गरम पाण्याची ही रांग आहे, आणि ज्वालामुखी तिथेही नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला. आपल्याकडचं पाणी मुख्यतः पावसाचंच: भेगांमधून खोल उतरतं, जमिनीच्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. खाली बुडणारी पट्टी आपल्याखाली नाही. दोन्हीकडे आग दिसत नाही, पण कारणं मात्र अगदी वेगळी.

अरिमात दुसरंही एक पाणी आहे, 'गिन्सेन', चंदेरी झरा. ते नितळ असतं. त्याच्या एका प्रकारात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि त्या फसफसत्या पाण्यापासून बनवलेली पातळ, खुसखुशीत बिस्किटं गावात विकायला असतात.

कुसात्सू या जपानमधल्याच दुसऱ्या ओन्सेन-गावाचं पाणी याच्या अगदी उलट टोकाला. तिथला पीएच 2 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका आंबट. ज्वालामुखीचे गंधकयुक्त वायू पाण्यात मिसळून ते आम्लधर्मी होतं. उगमाला ते इतकं कढत असतं की तसंच अंगावर घेता येत नाही, आणि थंड पाणी ओतावं तर ते पातळ होतं. म्हणून लांब फळ्यांनी ते ढवळून निववायची पद्धत पडली. खालच्या नदीत हे आम्ल उतरून मासे आणि शेती टिकत नव्हती, तेव्हा 1964 पासून त्या प्रवाहात चुनखडीची पूड कालवलेलं पाणी अखंड सोडलं जातं.

आता पुन्हा रियोकानमध्ये. टाकीत उतरण्याआधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, नीट पाणी ओतून घ्यायचं, मगच उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून अनेकजण तो घडी करून डोक्यावर ठेवतात. पाणी साधारण 40 ते 42 अंश असतं. मानेपर्यंत बसलं की पाण्याचा दाब पायांतल्या आणि पोटातल्या शिरांना बाहेरून दाबतो, आणि सुमारे 700 मिलिलीटर रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं रक्त जास्त झालंय, म्हणून मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू लागतात. त्याच वेळी उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल होतात. एकदम उठून उभं राहिलं तर दाब हटतो, रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. म्हणून सावकाश उठावं, आधी आणि नंतर पाणी प्यावं, आणि दारू पिऊन उतरू नये. हिवाळ्यात थंडगार खोलीत कपडे काढून थेट कढत पाण्यात जाणं वृद्धांना विशेष धोक्याचं. रक्तदाब आधी चढतो आणि मग झपकन घसरतो. जपानमध्ये दरवर्षी हजारो वृद्ध घरच्या टबात असे दगावतात.

संध्याकाळचं स्नान, मग जेवण, मग फुतोनवर अंग टाकणं हा क्रम झोपेच्या शास्त्रालाही धरून आहे. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. गरम पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडतात, बाहेर आल्यावर तिथून उष्णता निसटत राहते आणि तास-दोन तासांत आतलं तापमान खाली येतं. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी 2019 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. झोपेच्या एक-दोन तास आधी 40 ते 42.5 अंशांच्या पाण्यात अंघोळ केली तर झोप सरासरी 10 मिनिटं लवकर लागते, असं त्यांना आढळलं. त्यासाठी अरिमाचं खारं पाणीच हवं असं नाही, घरचं तापवलेलं पाणीही चालतं.

पण घरच्या नळाचं पाणी भूपट्टीतून पिळून आलेलं नसतं. अरिमात सकाळी निघण्याआधी तेन्जिन देवळाच्या आवारात जावं. तिथे लोखंडी सांगाड्याखाली झऱ्याचं तोंड आहे. त्यातून वाफ सारखी उसळत असते, आणि आजूबाजूच्या पाइपांवर लालसर थर चढलेले असतात. नितळ पाण्याला हवा पहिल्यांदा लागते ती इथेच.