लाल + निळा = जांभळा? आधी बाटलीवरचं नाव वाचा

चौथीतल्या मुलीने वांगं रंगवायला घेतलं. लाल आणि निळा पोस्टर कलर मिसळला, तर ताटलीत चिखल. "नीट ढवळलं नसशील," हेही ऐकून घ्यावं लागलं. चूक तिची नव्हतीच.

लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग, त्यांतून बाकीचे सगळे बनतात, हे आपण पिढ्यान् पिढ्या घोकत आलोय. ते अर्धवट खरं आहे. तिच्या बाटलीवर लिहिलं होतं व्हर्मिलियन, म्हणजे शेंदरी लाल. त्यात पिवळ्याची झाक असते. निळा होता प्रशियन ब्लू, हिरव्याकडे झुकणारा. दोन्हीकडून पिवळेपणा आला आणि त्याने जांभळा मारला. क्रिमझन (गुलाबीकडे झुकणारा लाल) आणि अल्ट्रामरीन (जांभळ्याकडे झुकणारा निळा) घेतले असते, तर वांगं जमलं असतं.

'लाल कशातूनच बनत नाही' हेही खोटं. वर्तमानपत्राच्या कडेला कधीकधी चार बारीक ठिपके दिसतात: सायन (आकाशीकडचा निळा), मॅजेंटा, पिवळा, काळा. या चार रंगांच्या छपाईत लाल शाई नसतेच. मॅजेंटावर पिवळा चढला की लाल दिसतो. (मॅजेंटा म्हणजे साधारण आपला साडीतला राणी कलर.)

अर्थात, या शायांनीही सगळे रंग साधत नाहीत. झगझगीत भगवा हवा असेल तर छापखानेवाले वेगळी शाई वापरतात. कुठल्याही तीन रंगद्रव्यांतून सगळं काही निघत नाही. त्यामुळे मुलांना तीनच बाटल्या देणार असाल, तर राणी, पिवळा आणि आकाशीकडचा निळा द्या. जांभळा बराच बरा येतो.