महानुभाव पंथ, देवगिरीचे राज्य आणि गुप्त लिपी

मराठवाड्यात एखाद्या गावाच्या शिवारात चुन्याशिवाय रचलेले काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की लोक त्याला सहज ‘हेमाडपंती’ म्हणतात. तोंडावर गोड बोलून मनात दुसरेच ठेवणाऱ्या माणसाला मात्र, इथे आणि साऱ्या महाराष्ट्रात, ‘मानभावी’ म्हटले जाते. पहिला शब्द देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख अधिकारी, हेमाद्री याच्या नावावरून आला आणि दुसरा त्याच्याच काळात गोदाकाठी उभ्या राहिलेल्या महानुभाव पंथाच्या नावावरून. एकाच राज्यातील दोन समकालीन नावांपैकी एक देवळाच्या दगडाला मानाने चिकटले आणि दुसरे शिवीसारखे वापरले जाऊ लागले, याची कारणे सातशे वर्षांत पसरलेली आहेत. त्यांतील काही दरबारातून आली, काही समाजातून आणि काही खुद्द पंथाने स्वतःभोवती घातलेल्या कुंपणातून.

एल्फ या पाश्चात्त्य कथांतील अद्भुत जमातीच्या कल्पित राज्यांच्या कथा आवडीने वाचणाऱ्या आजच्या तरुण वाचकाला बंदी घातलेला पंथ, परक्याला न कळणारी लिपी आणि रानोमाळ भटकणारे अनुयायी ही सामग्री परिचयाची असते. अशा कथांत तो पंथ बहुधा काळोखाची उपासना करणारा असतो, कारण कथा राजवाड्याच्या बाजूने सांगितलेली असते. देवगिरीच्या बाबतीत राजवाडा पडला आणि छळाचा वृत्तान्त आपल्यापर्यंत आला तो पंथाच्याच पोथ्यांतून. हा एकतर्फी पुरावा आहे हे अभ्यासकाने विसरू नये. पण तो पुरावा तेराव्या शतकातील बोलत्या मराठीत आहे आणि त्यात माणसे, गावे, रस्ते, खाणेपिणे यांची इतकी बारीक नोंद आहे की त्याला केवळ भक्तीची भाषा म्हणून बाजूला सारता येत नाही.

पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी हे परंपरेनुसार गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचे पुत्र. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव हरपाळदेव असल्याचे सांगतात. विदर्भातील ऋद्धिपूर येथील श्रीगोविंदप्रभू हे त्यांचे गुरू. दीर्घ भ्रमणानंतर त्यांनी १२६७ मध्ये पैठण येथे संन्यास घेतला, आणि पंथाची स्थापना याच वर्षापासून मोजण्याचा प्रघात आहे. त्याआधी ते वेरुळास दहा महिने राहिले होते. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील गावांत त्यांचा वावर होता, आणि जिथे जिथे ते थांबले, बसले, झोपले, तिथे तिथे पुढे ओटे बांधले गेले.

त्यांच्या शिकवणीत राज्यकर्त्या वर्गाला खुपण्यासारखे बरेच काही होते. परमेश्वर एक आहे आणि इतर देवतांच्या उपासनेने मोक्ष मिळत नाही, हे त्यांचे मूळ प्रतिपादन. हेमाद्रीने रचलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथात व्रते, दाने, श्राद्धे आणि तीर्थे यांचा तपशील भरलेला आहे. ज्या राज्याचा सर्वांत वजनदार अधिकारी स्वतः असा ग्रंथ सिद्ध करतो, त्या राज्यात व्रते आणि देवता मोक्ष देत नाहीत असे गावोगाव सांगणारा संन्यासी केवळ तत्त्वज्ञानाचा वाद घालत नव्हता. दक्षिणा, देवस्थाने आणि प्रतिष्ठा यांच्या साऱ्या मांडणीलाच तो हात घालत होता, असे मला वाटते.

स्त्रियांना दिलेले स्थान ही दुसरी खुपणारी गोष्ट. पंथात स्त्रियांना संन्यासाचा अधिकार होता, त्या स्वामींबरोबर फिरत, प्रश्न विचारत आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारत. महदाइसा ही त्यांतली सर्वांत चिकित्सक. तिच्या या स्वभावाचे स्वामींना कौतुक होते, आणि तिच्याच ‘धवळ्यां’मुळे, म्हणजे विवाहगीतांमुळे, मराठीला पहिली कवयित्री लाभली. मासिक पाळीच्या विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा स्वामींनी सांगितले की शरीराला नऊ द्वारे आहेत, त्यांतून जसे इतर स्राव वाहतात तसाच हाही एक, आणि त्याला विटाळ मानण्याचे कारण नाही. आजही अनेक घरांत बाई चार दिवस बाजूला बसते. सातशे वर्षांपूर्वी, पैठणसारख्या धर्मपीठाच्या परिसरात हे उत्तर काय खळबळ माजवू शकले असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

विरोध पैठणच्या सभेत उघडपणे प्रकटला. स्वामींच्या आठवणींचा पंथीय ग्रंथ ‘लीळाचरित्र’ याच्या काही पाठांत स्वामींवर तिथे ठपका ठेवून देहदंड दिल्याचा वृत्तान्त येतो, तर पंथाची श्रद्धा अशी की स्वामींनी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, गमन केले आणि ते आजही आहेत. हा श्रद्धेचा विषय आहे आणि तिचा मान राखूनच तो लिहिला पाहिजे. इतिहासाच्या दृष्टीने एवढे ठामपणे म्हणता येते की १२७० च्या दशकात स्वामी या भागातून नाहीसे झाले आणि त्यांचे अनुयायी गोदाकाठ सोडून ऋद्धिपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या आश्रयाला गेले. पंथाचे केंद्र मराठवाड्यातून विदर्भात हलले ते या घटनेमुळे.

ऋद्धिपूरला जे घडले त्याने मराठी गद्याचा पाया घातला. स्वामींच्या विरहाने व्याकूळ झालेले शिष्य त्यांच्या आठवणी एकमेकांना सांगत होते. त्या आठवणी विरून जाऊ नयेत म्हणून म्हाइंभट यांनी एकेका प्रत्यक्षदर्शीला गाठून त्या गोळा केल्या, पहिले आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या आणि १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. केशिराजबास या विद्वान शिष्याला संस्कृतात लिहावेसे वाटत होते. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण संस्कृतात लिहिले तर स्वामींचा साधासुधा परिवार त्या ज्ञानाला मुकेल. ज्या पंथाने सामान्य माणसासाठी ग्रंथ मराठीत आणला, त्याच पंथाने पुढे तो ग्रंथ सामान्य माणसाला वाचता येणार नाही अशा लिपीत बंद केला, ही या इतिहासातली सर्वांत बोचरी गोष्ट आहे.

यादव दरबाराशी असलेले नाते सरसकट वैराचे होते असेही नाही. कवी नरेंद्राने आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ रामदेवराव यादवाला वाचून दाखवले. राजाला ते इतके आवडले की एकेका ओवीमागे सोन्याचे नाणे घेऊन हे काव्य माझ्या नावावर कर, असे त्याने सांगितले. आपल्या कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने नकार दिला आणि पुढे तो नागदेवाचार्यांना शरण गेला, अशी आख्यायिका नागदेवाचार्यांच्या आठवणींचा ग्रंथ ‘स्मृतिस्थळ’ यात आहे. म्हणजे पंथाशी जवळीक साधणारी माणसे दरबारापर्यंत पोचत होती आणि राजाही त्यांचे काव्य मन लावून ऐकत होता.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य पूर्ण बुडाले. या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी हरवली. हिराइसा या शिष्येला ‘लीळाचरित्र’ पाठ होते. तिच्या आणि परशरामबासादी इतरांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यामुळे एकाच लीळेचे, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातील प्रसंगाचे, वेगवेगळे पाठ तयार झाले आणि कोणता खरा, हा प्रश्न पंथाला कायमचा चिकटला.

यानंतर, चौदाव्या शतकाच्या मध्यास, सकळ लिपी ही पंथाची गुप्त लिपी आली. तिचे श्रेय ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबास यांना दिले जाते. एका अक्षरासाठी दुसरे अक्षर वापरायचे आणि नित्याच्या शब्दांचे ठरावीक संक्षेप करायचे, हे तिचे तत्त्व. पुढे सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा आणखी लिप्या निघाल्या. हेमाद्रीच्या छळामुळे पंथाने गुप्त लिपी काढली असे अनेकदा लिहिले जाते, पण कालक्रम ते म्हणू देत नाही. लिपी आली तेव्हा हेमाद्री जाऊन काही दशके लोटली होती आणि देवगिरीचे नाव बदलून दौलताबाद झाले होते. माझ्या मते लिपीमागचे खरे भय हरवलेल्या पोथीचे होते. जे एकदा लुटीत गेले ते पुन्हा परक्या हाती पडू नये, नकलताना त्यात भर पडू नये आणि अनधिकाऱ्याने त्याची थट्टा करू नये, अशी ती काळजी होती.

काळजीने बांधलेल्या कुंपणाची किंमत फार मोठी ठरली. काळी वस्त्रे नेसणारे, गावाच्या देवाला न नमणारे आणि पोथी दाखवायला तयार नसणारे लोक गावाला संशयित वाटू लागले. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण त्या संशयाची साक्ष आहे. ज्या पंथाच्या स्वामींनी पारध्यांच्या कुत्र्यांपासून पळत आलेल्या सशाला आपल्या मांडीखाली आश्रय दिला, त्याच पंथाचे नाव अशा म्हणीत कसाबाशेजारी बसवले जावे, हे वाचताना आजही मन दुखावते.

समाजाच्या या दुराव्यावर राजमुद्राही उमटली. १७८२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या नावे निघालेल्या आज्ञेत मानभावांचा चार वर्णांशी आणि सहा दर्शनांशी संबंध नाही, त्यांचा उपदेश ऐकणाऱ्यास जातीबाहेर टाकावे, असा आशय होता. मराठवाड्याचा बराचसा भाग तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्याने ही आज्ञा इथे सगळीकडे लागू होण्यासारखी नव्हती. पण जातीबाहेर पडण्याची धास्ती राज्याच्या सीमा पाळत नाही.

दरम्यान पंथ पंजाबपर्यंत पोचला होता. तिथे त्याला जयकृष्णी म्हणून ओळखतात आणि तिथल्या मठांत मराठी पोथ्या मराठीतूनच वाचल्या गेल्या. आपल्याकडे ज्यांच्या पोथीला कोणी हात लावीना, त्यांच्यासाठी पंजाबी साधक मराठी शिकत होते.

इकडे मराठवाड्यात पंथ टिकला तो बराचसा जागांच्या आधाराने. माहूरचे देवदेवेश्वर, भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव, गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर आणि असंख्य लहान स्थाने यांचा मागोवा ‘स्थानपोथी’ने ठेवला. अमुक गावात, अमुक देवळाच्या अमुक अंगाला, इतक्या अंतरावर स्वामींचे आसन झाले, अशा भाषेत ती लिहिली आहे. पांचाळेश्वरचे आत्मतीर्थ तर गोदावरीच्या पात्रातच आहे. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की मंदिराभोवती पाणी चढते, कधी मंदिरही पाण्यात जाते; ओसरले की गाळ काढला जातो आणि माणसे पुन्हा ओट्यावर कपाळ टेकवून ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. लिपी ज्याला येत नव्हती त्यालाही ओटा येत होता. कोणत्या ओट्यावर कोणती लीळा झाली हे म्हाताऱ्या बाया नातवंडांना सांगत आल्या आणि त्यासाठी कुठल्याही किल्लीची गरज पडली नाही.

पोथ्यांचे कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी उघडले. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी सकळ लिपी उलगडून ती बाहेरच्या वाचकांपुढे आणली. काही महंतांनी त्यासाठी साहाय्य केले, काहींना परक्या हाती पोथी गेल्याचे दुःख झाले, आणि दोन्ही बाजूंची भावना समजण्यासारखी आहे. यानंतर य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी हे वाङ्मय संपादून, छापून अभ्यासाच्या कक्षेत आणले. ज्ञानेश्वरीच्या आधीचे सलग मराठी गद्य आपल्याकडे आहे हे मराठी वाचकाला तेव्हा प्रथम कळले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याच सुमारास मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले ते पैठण सोडून गेलेल्या शिष्यांनी जिथे आठवणी सांगायला सुरुवात केली त्याच ऋद्धिपुरात.