पार्श्वभूमी: साथीचं गणित आणि त्यातला हरवलेला ‘जर’

साथीचं गणित म्हटलं की आपल्याला कोरोनाचे आलेख आठवतात, पण त्यामागच्या समीकरणांची पहिली मोठी परीक्षा मुंबईच्या आकड्यांवर झाली होती हे फार कमी लोकांना माहितीये. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मध्ये मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं गेली त्याची नोंद होती, १९२७ साली दोन स्कॉटिश संशोधकांनी ती घेतली (त्यातला एक आधी भारतात सरकारी डॉक्टर होता) आणि आपल्या सूत्राची रेघ त्यावर बसवली. रेघ इतकी चपखल बसली की आजही शिकवताना तोच आलेख दाखवतात. पण तो प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला होत नव्हता, उंदरांवरच्या पिसवांतून येत होता आणि ऋतू बदलला की ओसरत होता. त्या दोघांनाही हे ठाऊक होतं, आकडे फार शब्दशः घेऊ नका असं त्यांनी शोधनिबंधातच लिहून ठेवलं होतं. पुढे आलेख सगळीकडे पोचला, ही सूचना मागेच राहिली.

त्याआधी १९११ च्या सुमारास मलेरियाचं गणित मांडून झालं होतं: सगळे डास मारायची गरज नाही, एका मर्यादेखाली आणले तरी पुरे. आणि १९९० च्या दशकात एचआयव्हीच्या गणिताने दाखवलं की शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, त्यांत औषधाला न जुमानणारेही निघतात, म्हणून एकटं औषध टिकत नाही, एकत्र तीन द्यावी लागतात. गणिताने थेट उपचार बदलल्याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण.

आता खरा गुंता. मराठीत आपण ‘अंदाज’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. उद्या पाऊस पडेल हाही अंदाज, आणि ‘मास्क सोडले, गर्दी केली तर इतके रुग्ण होतील’ हाही अंदाज. दुसरं वाक्य जर-तरचं आहे, लोकांनी गर्दी टाळली आणि आकडा चुकला तर ते गणिताचं अपयश नाही. पण बातमीच्या मथळ्यात ‘जर’ मावत नाही, मग ते भाकीत होऊन जातं.

ऑक्टोबर २०२० मध्ये नेमकं हेच झालं. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने ‘सुपरमॉडेल’ मांडलं: शिखर सप्टेंबरमध्ये होऊन गेलंय, साधारण ३० टक्के लोकांना लागण झालीये, फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ जवळपास संपेल. सोबत अटही होती, की काळजी घेणं चालू ठेवलं तरच, नाहीतर एका महिन्यात २६ लाख रुग्ण वाढू शकतात. लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त ‘फेब्रुवारीत संपेल’. पण दोष सगळा वाचणाऱ्यांवर टाकणं मला पटत नाही. या गणितात व्हायरसच बदलेल याला जागा नव्हती, आणि डेल्टा हा कोरोनाचा बदललेला प्रकार भारतातल्या त्याच ऑक्टोबरच्या नमुन्यांत सापडलेला आहे. दुसरं म्हणजे अख्ख्या देशाला एकच टक्का लावून काय कळणार? जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं तर झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी (लागण होऊन गेल्याची खूण) होत्या आणि त्याच वॉर्डांतल्या इमारतींत फक्त १६ टक्के. म्हणजे सोसायटीतल्या बहुतेकांना अजून लागण व्हायचीच होती, आणि ‘शिखर गेलं’ हे त्यांनाही सांगितलं जात होतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये साथ संपायच्या ऐवजी अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. मग एप्रिलच्या मध्याला शिखर येईल असं त्याच सूत्रावरून सांगितलं गेलं, मग मेच्या मध्याला, तारीख सरकत गेली आणि प्रत्यक्षात मेच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला ४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले, तेव्हा घराघरातून ऑक्सिजनसाठी फोन चालू होते. नंतर त्या गटाने खुलासा केला की साथीचं वागणं इतकं भराभर बदलत होतं की सूत्रातले आकडे वेळेत जुळवता आले नाहीत.